रंगाआधी छाती सांभाळा

आमच्या वस्तीतला एक तरुण गॅरेजमध्ये मोटारींचे ब्रेक कॅलिपर आणि इंजिनाची झाकणे रंगवतो. साधा रंग उष्णतेने फुगून सुटतो. त्याचा सिलिकॉनयुक्त रंग तापल्यावरच पक्का होतो. पिस्टन, रबर, डिस्क यांना तो रंग लागू देत नाही. हात कसबी!

पण रंगाआधी ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवताना दिसला, तेव्हा मी त्याला थांबवले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात. दुखणे २०-३० वर्षांनीही उमटते.

धूळ ओल्या फडक्याने पुसावी. रंग मोकळ्या हवेत मारावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. कामाच्या कपड्यांनी घरी लेकराला उचलू नये.

बांधवांनो, पान्याइतकाच मास्कही कामाचे हत्यार आहे. मालकाकडे तो मागायला लाजू नका.