आधी वही, मग फळा

वर्गात गोंगाट होतोय म्हणजे मुलं विचार करताहेत, असं मी मनापासून मानत होते. विषय द्यायचा, ‘सुचेल ते बोला’ म्हणायचं आणि मुलं सांगतील ते भराभर फळ्यावर उतरवायचं, ही माझी आवडती पद्धत. इतर शिक्षकांनाही मी ती आग्रहाने सांगत असे. आता माझं मत बदललंय. आता मुलं आधी न बोलता लिहितात, चर्चा त्यानंतर.

त्या पद्धतीवर माझा विश्वास बसला होता, तो अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांच्यामुळे. ब्रेनस्टॉर्मिंगचे, म्हणजे ‘सुचेल ते बोला’ या पद्धतीचे, जनक असलेले ऑसबॉर्न अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले. त्यांचं ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक 1953 साली आलं. त्यांचे नियम चार: कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, चमत्कारिक कल्पनाही चालेल, जितक्या जास्त तितकं बरं, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची. उत्तर चुकेल या धास्तीने अंग चोरून बसणाऱ्या मुलांसाठी हे नियम मला फार मोलाचे वाटले. आजही वाटतात.

विचार पालटला तो दहावीच्या जाहिरातलेखनाच्या तासांमुळे. समजा, विषय आहे मातीचा माठ. पहिला धीट मुलगा म्हणतो, ‘गरिबांचा फ्रिज!’ वर्ग हसतो आणि पुढची प्रत्येक सूचना फ्रिजभोवतीच फिरू लागते: विजेशिवाय फ्रिज, मातीचा फ्रिज, आजीचा फ्रिज. फळा भरतो, पण त्यावर कल्पना असते एकच. हात वर करणारी मुलंही बहुतेक वेळा तीच ती. हाच विषय आधी वहीत लिहायला दिला की नव्या माठातल्या पहिल्या पाण्याचा वास येतो, माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं येतं, चाकावर फिरणारे कुंभाराचे हात येतात. आणि हे लिहिणाऱ्यांत तासाला तोंड न उघडणारी मुलं असतात.

संशोधकांना हे फार पूर्वी दिसलं होतं. 1958 साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चौघांच्या गटांची तुलना एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांशी केली. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र करून, सारख्या असलेल्या एकदाच मोजल्या, तरी त्या गटापेक्षा जवळजवळ दुप्पट भरल्या. 1987 साली मिशाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्यामागचं मोठं कारण दाखवून दिलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं धरून ठेवतात, तेवढ्यात नवं सुचत नाही, आणि हातातलंही निसटतं. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात काय होत असेल, ते सांगायला नको.

जर्मनीत बेर्न्ट रोरबाख यांनी 1968 साली ब्रेनस्टॉर्मिंग लिहून करायची पद्धत मांडली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात 108 कल्पना. आमच्या तासिकेत एवढा वेळ नसतो, म्हणून मी चौघांचे गट करते आणि दर तीन मिनिटांनी वह्या पुढे सरकवते. बारा मिनिटांत गटाकडे 48 कल्पना जमतात. कुणी अडलंच तर ऑसबॉर्न यांच्याच यादीतले प्रश्न मदतीला येतात: हे लहान केलं तर? उलटं केलं तर? दुसऱ्या कशाशी जोडलं तर? माठ दप्तरात मावला तर?

शेजाऱ्याची वही वाचून त्यात भर घालताना मुलं ऑसबॉर्न यांचा चौथा नियमच पाळत असतात, फक्त आवाज न करता. मग गट बोलू लागतो. कोणती कल्पना ठेवायची, कोणती का सोडायची, यावर कडाक्याचे वाद होतात. ते व्हायलाच हवेत. निवड करायला चार डोकी लागतात. पण सुचण्यासाठी प्रत्येकाला आधी स्वतःचा थोडा वेळ लागतो.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे: प्रश्न विचारल्यावर पहिला हात वर आला तरी लगेच उत्तर घेऊ नका. सगळ्यांना तीन मिनिटं लिहू द्या. आणि पहिली कल्पना वाचून दाखवायला अशा मुलाला सांगा, ज्याचा हात कधीच वर येत नाही.