लिंबू, मिरची आणि बटण

1984 साली मी भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होतो, आणि सुरक्षिततेचं खातंही माझ्याच गळ्यात पडलेलं होतं. हे खातं म्हणजे वर्षातून एकदा, 4 मार्चला, कामगारांच्या छातीवर बिल्ले टाचायचे आणि शपथ वाचून दाखवायची. बाकी वर्षभर प्रेसवरच्या मामांशी वाद घालायचा.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा पत्र्यावर आदळतो. म्हणजे त्या वेळी दोन्ही हात डायच्या बाहेर राहणार, ही त्यातली अक्कल. मामांची अक्कल त्याच्यापुढची. एका बटणात ते काडेपेटीची काडी खोचून ठेवत आणि मोकळ्या हाताने भराभर नग सरकवत. मात्र शनिवारी मशीनला ताजं लिंबू-मिरची बांधल्याखेरीज काडीला हात लावत नसत! एकदा लिंबू मिळालं नाही, तर तासभर प्रेस बंद. "उगा इषाची परीक्षा कशाला?"

मी त्यांना फॅक्टरी अ‍ॅक्ट, 1948 चं कलम 21 ऐकवलं. मामा म्हणाले, "सायेब, बोट गेलं तर ईएसआयचे पैशे येत्यात. नग कमी भरले तर कोन देतंय?"

याचं उत्तर कलम 21 मध्ये नव्हतं. नगाचा दर आमच्याच हापिसात ठरलेला. मामांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती कुठं राहिली, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला प्रेसला झेंडू वाहून मामा माझ्या स्कूटरकडे वळले. आकुर्डीतच जन्मलेली ती बजाज. आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे. तिच्यावर बसून मी नाशिक फाट्यावरच्या ट्रकांमधून चिंचवडला जात असे. हेल्मेट पुढच्या हुकाला. डोक्यावर घातलं की मान अवघडते, कानाला ऐकू येत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण हळूच चालवतो. (ही विद्या आम्ही पुण्याकडून घेतली.) शिवाय त्यात मेथीची जुडी काय झकास बसते!

मामांनी हँडलला लिंबू बांधलं आणि हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

"लिंबू गाडीपुरतंच हाय, सायेब. डोक्याचं तुमी बगा."

"तुम्ही काडी काढा, मग घालतो."

"तुमी दर वाढवा, मग काढतो."

पूजेचा पेढा आम्ही अर्धा-अर्धा खाल्ला, आणि मी हेल्मेटात मेथी घेऊन घरी गेलो.