दोन शनिवार

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी आम्ही पाच मित्र पुण्याच्या कॅम्पातील एका इराण्याच्या हॉटेलात जमतो. हा प्रघात बरीच वर्षे चालत आला आहे. विषय ठरलेला नसतो. त्या आठवड्याची बातमी चहाबरोबर टेबलावर येते आणि बन-मस्का संपेपर्यंत तिचा निकाल लागतो. निकाल बहुधा एकमताने लागतो, कारण आमची मते सारखीच आहेत असा आमचा समज आहे. त्या समजाविषयीच थोडे लिहायचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ सालीच दिल्लीस गेला होता. म्हणजे अकरा वर्षांची प्रतीक्षा संपली. दोन दिवसांनी शनिवार होता. त्या संध्याकाळी पेढे कोणी आणावेत? आमच्यातील एकट्या अमराठी मित्राने. तो मूळचा बिहारमधील छपऱ्याचा. नोकरीनिमित्त पुण्यास आला आणि इथलाच झाला. मराठी उत्तम बोलतो, मात्र ‘पुस्तक’ त्याच्या तोंडी अजून स्त्रीलिंगी होते. ‘माझी पुस्तक’ म्हणाला की आम्ही हसतो, तोही हसतो. त्या दिवशी त्याने हालाच्या गाथासप्तशतीविषयी विचारले. आम्हां चौघांपैकी कोणीही ती धड वाचलेली नव्हती. अभिजाततेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ते कबूल करायला हवे होते. आम्ही आणखी एक चहा मागवला.

पुढे भाषेचीच दुसरी बातमी आली. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य ठरली. १७ जूनला त्याची शब्दरचना सैल करण्यात आली आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार नको, हे आमचे मत होते आणि आजही आहे. ५ जुलैस वरळीत विजय मेळावा झाला. नेमका तो आमचा शनिवार होता. त्याच सुमारास मीरा रोडच्या एका दुकानदारास मराठीवरून मारहाण झाल्याची चित्रफीत सर्वत्र फिरत होती. टेबलावर आवाज चढले होते. ‘हे लोक’ असा शब्दप्रयोग दोन-तीनदा झाला. तेवढ्यात मित्र काहीतरी सांगताना ‘माझी पुस्तक’ म्हणाला. त्यावर काय बोलले गेले आणि कोण बोलले, हे लिहून उपयोग नाही, हसलो सगळेच. तो मात्र हसला नाही. बिलातील आपला वाटा ठेवून तो लवकर उठला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तो आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. क्षमा मागण्याचे शब्द वाटेत जुळवले होते, पण ते बोलण्याची वेळच आली नाही. चहा ठेवता ठेवता तोच म्हणाला, ‘‘तुमचं म्हणणं बरोबर होतं रे. माझ्यापेक्षा ते कोणाला जास्त कळेल? आई घरी भोजपुरी बोलायची. शाळेत हिंदी शिकलो आणि तिच्याशी हिंदीत बोलायला लागलो. ती गेली तेव्हा तिच्या भाषेतली गाणीही मला येत नव्हती.’’

जनगणनेत भोजपुरी हिंदीच्या सदरात मोजली जाते. शेजारच्या मैथिलीस २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. भोजपुरीस ते मिळालेले नाही. हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. एक भाषा दुसरीला कशी गिळते याचा प्रत्यक्ष साक्षीदार इतकी वर्षे आमच्याच टेबलावर बसला होता, आणि ज्या दिवशी त्याला विचारायचे त्याच दिवशी आम्ही त्याला दुसऱ्या बाजूस बसवले.

सप्टेंबरात तो पुन्हा आला. शनिवार पूर्ववत सुरू आहेत. ‘पुस्तक’ अजून स्त्रीलिंगीच आहे. आता मात्र कोणी हसत नाही. सगळे सावधपणे कपाकडे पाहतात. ते जुने हसणे परत यावे, असे फार वाटते.