गाडीतला हीटर आणि बॅटरी धरणारा माणूस

मला गाडीतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.ए. मराठी. साताऱ्यात बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. स्कूटर बंद पडली की दोन किका मारायच्या आणि तिसरीला ढकलत गॅरेजला न्यायची, एवढंच माझं यंत्रज्ञान. तरीही आज हीटरबद्दल लिहितोय.

2019 च्या जानेवारीत आम्ही दोघं मुलाकडे मिनियापोलिसला होतो. तिथली थंडी शब्दांत सांगता येत नाही. उणे वीस म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस कडक होतात! मुलाची गाडी सोळा वर्षांची जुनी, आणि तिचा हीटर नेमका तेव्हाच रुसला. पंखा जोरात फिरे, पण हवा यायची ती कोमट. हायवेला लागलो की तीही गार. सौ. दोन शाली पांघरून मागे बसायची.

एका गॅरेजवाल्यानं गाडी पाहिली आणि निकाल दिला : हीटर कोअर चोंदलाय. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. तो बदलायचा तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. खर्च बाराशे डॉलर. गाडीच विकली असती तर फार तर दीड हजार आले असते. "काढून टाकतो आता," मुलगा म्हणाला.

मी शेजारच्या सीटवर बसून नुसता बघत असे. दुसरं कामच काय मला! एकदा सहज विचारलं, "हा तापमानाचा काटा कायम इतका खालीच असतो का रे?"

"हो, हल्ली असतो. इंजिन गार राहतंय, चांगलंच की."

असं म्हणाला आणि गप्प झाला. थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटला, "इंजिनच गार असेल तर हीटर तापणार कशानं?"

मग घरी येईपर्यंत त्यानं मला सगळं समजावलं. गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा मोठा वाटा, साधारण एक तृतीयांश, इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये जातो. त्याच गरम पाण्याची एक फेरी हीटर कोअरमधून काढलेली असते, त्यावर पंखा फिरतो, झाला हीटर. आणि इंजिन तापेपर्यंत कूलंट मोठ्या रेडिएटरकडे जाऊ नये म्हणून वाटेवर एक पहारेकरी बसवलेला असतो, तो थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं. पाणी ऐंशी-नव्वद अंशांना पोचलं की मेण फुगतं आणि दार उघडतं. हे दार उघडंच अडकून बसलं तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही. हायवेवर समोरून बर्फाळ वारा लागला की आणखीच गारठतं.

घरी आल्यावर त्यानं इंजिन बंद करून, हातमोजे घालून, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपल्या. दोन्ही सारख्याच कोमट. "कोअर चोंदला असता तर एक गरम आणि दुसरी गार लागली असती. तो बिचारा निर्दोष आहे. पाणीच गार येतंय."

रविवारी, इंजिन पूर्ण गार असताना, त्यानं काम काढलं. (गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे त्यानं मला दोनदा बजावलं.) कूलंट बादलीत काढून ती लगेच झाकून ठेवली, कारण ते चवीला गोड पण विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटायचं. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही आत बसा, गारठाल." मी बसलो नाही. बॅटरी धरून उभा राहिलो.

आणि तिथं मला 1990 साल आठवलं. हा तेव्हा सातवीत. शाळा सुटली की आमच्या आळीतल्या गॅरेजात जाऊन बसायचा, काळे हात घेऊन घरी यायचा. एक दिवस मी तिथं गेलो आणि चारचौघांत कान धरून त्याला घरी आणलं. "मास्तराचा मुलगा नटबोल्ट पुसत बसणार का?" असं काहीतरी बोललो. तो पुन्हा कधी गेला नाही. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, परदेशी आला, सगळं उत्तम झालं. मी हे माझ्या खात्यावर जमा धरत आलो होतो.

पण त्या थंडीत बोल्ट सोडवताना त्याचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा मी एकोणतीस वर्षांत पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "तेव्हा तुला गॅरेजात जाऊ द्यायला हवं होतं रे. चुकलं माझं."

त्यानं वर पाहिलं नाही. थोडा थांबला. मग म्हणाला, "बाबा, बॅटरी जरा डावीकडे."

जुना थर्मोस्टॅट निघाला तो आ वासूनच. हातात थंडगार, तरी दार उघडं! नवा, वीस-पंचवीस डॉलरचा, आम्ही आधी एका टाकाऊ भांड्यातल्या पाण्यात तापवून पाहिला. पाणी उकळायच्या थोडं आधी त्याचं दार हळूच उघडलं, विस्तवावरून उतरवल्यावर मिटलं. मग नवं गॅस्केट, निम्मं कूलंट-निम्मं पाणी (हे मिश्रण उणे सदतीसपर्यंत गोठत नाही), हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू, आणि अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघणं.

संध्याकाळी फेरी मारली. काटा हळूहळू मधोमध येऊन थांबला. गरम हवा आली तशी मागून सौ.नं एक शाल काढली. मुलानं काही न बोलता समोरची जाळी माझ्या बाजूला वळवली.

तो जुना थर्मोस्टॅट मी स्वच्छ धुऊन बॅगेतून साताऱ्याला आणला. आता टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. येणारे-जाणारे विचारतात, "मास्तर, हे काय?" मी फक्त सांगतो, मुलानं गाडी दुरुस्त केली त्यातलं आहे.