केकचा चुरा आणि भुलाबाईची खिरापत

मैत्रिणींनो, वाढदिवसाचा केक घरी करणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकींना हा अनुभव असेल. केक फुगतो तो मधोमध टेकडीसारखा. वर क्रीम लावायचे तर तो माथा कापून सपाट करावा लागतो. कडा जास्त भाजल्या जातात, त्याही काढाव्या लागतात. मग पाहुणे येतात, केक कापला जातो, फोटो निघतात, वाहवा होते. आणि ओट्याच्या कोपऱ्यात ताटलीखाली झाकलेला तो चुरा तसाच राहतो. टाकवत नाही आणि कुणापुढे ठेववतही नाही.

त्या चुऱ्याचे काय करता येते, ते आज सांगणार आहे. पण त्याबरोबर माझी एक फजितीही सांगायची आहे. कृती काय, कुठेही मिळेल. फजिती मात्र माझ्याकडेच मिळेल!

आम्ही भंडाऱ्याला राहतो. मी बी.ए. झाले आहे, सकाळी घर, दुपारी एका शाळेत अर्धवेळ शिकवणे, असा दिवस जातो. माझे लहानपण जवळच, जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत गेले. तिथे सगळ्या प्रांतांतली माणसे. आईला केक शिकवला तो शेजारच्या मलयाळी काकूंनी. ओव्हन होता कुणाकडे? वैनगंगेची वाळू चाळून, धुऊन, वाळवून कुकरच्या तळाशी दोन बोटे पसरायची, शिट्टी आणि रबर काढून ठेवायचे, आत केकचे भांडे आणि मंद आचेवर पाऊण तास. काकू मोठ्या अभिमानाने सांगायच्या, की आपल्या देशातला पहिला नाताळचा केक त्यांच्या तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूंनी 1883 साली केला! आम्हा मुलांना त्या बापूंपेक्षा कुकरचे झाकण कधी उघडते याची काळजी जास्त.

आता माझ्याकडे ओव्हन आहे. पण सासूबाईंना अंडे चालत नाही, म्हणून केक दही आणि सोड्यावरचा. गेल्या वर्षी मुलाने हट्ट धरला, "आई, मला रेल्वेचं इंजिन पाहिजे." त्याचे आजोबा त्याला वरठीला भंडारा रोड स्टेशनवर गाड्या दाखवायला नेतात, त्याचा हा परिणाम. झाले! दोन चौकोनी केक केले आणि ते कापून त्यांचे धुराडे, चाके, ड्रायव्हरची खोली असे सगळे बसवले. इंजिन छान झाले. पण कापलेला चुरा जवळजवळ अर्धा किलो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. आदल्या दिवशी त्यांच्यासाठी इंजिनाचा तुकडा काढून ठेवायचे माझ्या ध्यानातच राहिले नव्हते. मी चुऱ्यातल्या कडक कडा, तुटके तुकडे ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत भरले आणि म्हटले, "मावशी, मुलांना न्या." त्यांनी पिशवी घेतली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट वाया गेले नाही, कुणाच्या तरी तोंडी लागले, असे समाधानच वाटले.

मऊ चुरा मी मागे ठेवला होता, कारण त्याच संध्याकाळी आमच्या घरी भुलाबाई होती.

विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. तिकडे जसा भोंडला, हादगा, तशी आमची भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते ती कोजागरीपर्यंत. आता महिनाभर कुणाला सवड नसते, म्हणून आमच्या कॉलनीत शेवटचे पाचच दिवस करतो. मुली गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा हलवून दाखवायचा, आवाज ऐकवायचा, फार तर गोड की तिखट एवढे सांगायचे. जिची खिरापत ओळखता येत नाही, तिची शान!

तेव्हा या खिरापतीसाठी मी चुऱ्याचे गोळे केले, ते असे. केकचा चुरा हाताने मोकळा करून तीन वाट्या घ्यावा, म्हणजे साधारण पाव किलो होतो. करपलेला भाग मात्र अजिबात घेऊ नये, एवढ्याशा तुकड्याने सगळे कडू होते. त्यात दोन चमचे कोको, अर्धी वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस आणि मूठभर चारोळी घालावी. आपल्या भागातल्या जंगलात चाराची झाडे आहेत, तेव्हा काजू-बदामांचाच आग्रह कशाला? मग कंडेन्स्ड मिल्क एकेक चमचा घालत कालवावे. तीन-चार मोठे चमचे पुरतात. केकला क्रीम लागलेले असेल तर त्याहून कमी. रव्याच्या लाडवासारखेच पाहायचे: मुठीत दाबले की गोळा धरला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. सैल झाले तर आणखी चुरा किंवा बिस्किटांचा भुगा घालावा. कंडेन्स्ड मिल्क नसेल तर जॅम चालतो. दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून आवळ्याएवढे गोळे वळावेत आणि खोबऱ्याच्या बारीक किसात घोळवावेत. अठरा ते वीस होतात. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगले राहतात. चुऱ्याला ताजे क्रीम लागलेले असेल, तर मात्र त्याच दिवशी संपवावे.

उरलेल्याचे असे रूप पालटणे जगभर चालते बरे का! डेन्मार्कमधल्या बेकऱ्यांत उरलेल्या केक-पेस्ट्रीचे रमचा स्वाद दिलेले गोळे करतात आणि ते काचेच्या कपाटात मानाने मांडून विकतात. आपल्याकडचा शाही तुकडा तरी काय? शिळा ब्रेडच तो, तुपात तळून रबडीत बसवला की शाही झाला! आणि आपला शिळ्या पोळीचा गूळ-तुपातला लाडू? त्यावर तर आपण सगळ्या वाढलो.

तर संध्याकाळ झाली, मुली जमल्या. गाणी झाली. मी डबा हलवला. "लाडू!" नाही. "पेढे!" नाही. "खोबऱ्याच्या वड्या!", "गुलाबजाम!" नाही, नाही. माझी मुलगी तर ऐटीत उभी होती. सगळ्या हरणार, एवढ्यात मागून आवाज आला, "केक हाय, मॅडम!"

ती मावशींची मुलगी. आमच्याच शाळेत सहावीत, माझ्या वर्गात शिकते. आईबरोबर आली होती आणि मागे भिंतीला टेकून उभी होती. ओळखल्याच्या आनंदाने तिचे डोळे चमकत होते. "आज सकाळीच आईले देल्लं होतं ना तुमी. वास तोच येते!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि त्यांतली एक पटकन बोलून गेली, "म्हणजे उरलेला चुराच ना?"

टाळ्या थांबल्या. कुणी वाईट हेतूने बोलले नव्हते. पण त्या मुलीचा चेहरा असा उतरला, की तो मला आजही दिसतो. सकाळी आपल्या घरी आले ते काय होते, हे तिला त्या क्षणी कळले. मी घाईघाईने "घ्या गं, घ्या," म्हणत डबा फिरवला. सगळ्यांनी खाल्ले, छान झाले म्हणाल्या. तिने एक गोळा घेतला आणि तो हातातच धरून ठेवला. मावशी आत भांडी विसळत होत्या. त्यांनी ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री ओटा आवरताना मी सासूबाईंना म्हटले, "आई, मी काय चुकीचं केलं? चांगलाच होता की तो चुरा." त्यांनी मला एकच विचारले, "त्या पिशवीतला तुकडा तू खाल्ला होतास?"

नव्हता. कडक म्हणून मीच तो बाजूला काढला होता.

"आपल्या पानात पडलं नाही, ते दुसऱ्याच्या पानात टाकू नये," त्या म्हणाल्या. सासूबाईंचे माहेर पवनीकडचे, शेतीवाल्यांचे. घरात अकरा माणसे. रोज सकाळी त्यांची आई आदल्या रात्रीच्या पोळ्या कुस्करून परातीत लाडू वळायची. पहिला लाडू वडिलांच्या ताटलीत, त्याच परातीतला दुसरा सालगड्याच्या हातावर, मग पोरे. "शिळं होतं हे सगळ्यांना माहीत. पण सगळ्यांना तेच होतं, म्हणून कुणाला लागलं नाही."

मी गप्प बसले. चुऱ्याचे दोन वाटे मीच केले होते. मऊ चुऱ्याला कोको, चारोळी आणि सुंदर डबा; कडक चुऱ्याला ब्रेडची पिशवी. वाया जाऊ नये म्हणून दिले, असे मी म्हणत होते. खरे म्हणजे मला ते टाकायचेच होते. फक्त कचऱ्याच्या डब्यात टाकायला जीव धजत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती माझ्याकडे पाहत नव्हती. सुटी झाल्यावर मी तिला जवळ बोलावून म्हटले, "मावशींसाठी मी केक काढून ठेवायला हवा होता. माझं चुकलं." ती अगदी कावरीबावरी झाली. विद्यार्थिनीपुढे चूक कबूल करणे आपल्याला जड जाते, पण तिला ते ऐकणे त्याहून जड जात होते. "नाही मॅडम, चांगला होता," एवढेच म्हणाली आणि पळाली.

एवढ्याने झालेले पुसले गेले, असे मी म्हणणार नाही. घरात मात्र दोन गोष्टी बदलल्या. केक कापला की मावशींचा वाटा आधी डब्यात जातो, मग पाहुण्यांच्या ताटल्या. आणि चुऱ्यातल्या कडक कडा मी मंद आचेवर पुन्हा भाजून घेते. त्याचे टोस्ट होतात, ते चहाबरोबर आम्हीच खातो. खरे सांगू? छान लागतात.

यंदा कोजागरीच्या आधी पुन्हा चुरा निघाला. मी माझ्या मुलीला आणि तिला, दोघींना, गोळे वळायला बसवले. मावशी लग्नाकार्यात लाडू वळायला जातात. लेकीच्या हातालाही ते वळण आहे. तिचे गोळे एकसारखे गुळगुळीत, आमचे आपले ओबडधोबड! पहिला घाणा झाल्यावर आम्ही तिघींनी तिथेच एकेक खाल्ला.

संध्याकाळी मी डबा हलवला. मुली ओरडू लागल्या, "लाडू!", "पेढे!", "वड्या!" ती यंदा पुढच्या रांगेत होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरले होते आणि हसू काही आवरत नव्हते.