बोटभर नळीची किंमत

मुलांनो, तुमच्यापैकी बरेचजण गिटार शिकत असाल. पण 'स्लाइड' पाहिली आहे का? काचेची किंवा पितळेची बोटाएवढी नळी. ती बोटात घालायची, तारेवर अलगद टेकवायची नि सरकवायची. तार खाली दाबायचीच नाही! मग सूर जिन्याच्या पायऱ्यांनी येत नाही, घसरगुंडीवरून येतो. आपल्या गाण्यातली मींड असते ना, तशी.

ही कल्पना आपल्याला नवी नाही बरं का. विचित्रवीणा काचेच्या गोट्याने वाजवतात, त्याला बट्टा म्हणतात. पंडित ब्रिजभूषण काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवत आणि राग वाजवत. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी कसबा पेठेत राहतो, आता नववीत आहे. तो एकदा तणतणतच आला. "बाई, हाताने बनवलेली स्लाइड साडेतीन हजारांना! साधी तीनशेला मिळते. एवढीशी नळी ती, लुटतात नाही का?"

त्याचे बाबा भोसरीला लेथवर काम करतात. मी म्हटले, "त्यांनाच विचार की!"

बाबांनी मालकाच्या परवानगीने सुट्टीच्या दिवशी पितळी बार लेथला लावला. पहिली नळी बादच झाली. भोक जरासे तिरके गेले, एक बाजू जाड, दुसरी पातळ. दुसऱ्या वेळी करंगळी मोजून भोक पाडले. बोट पेरापाशी जाड असते, म्हणून सरळ भोक पेरावर अडते नाहीतर पुढे खुळखुळते. ते आतून किंचित निमुळते करावे लागले. मग बाहेरचा भाग. लेथच्या हत्याराच्या बारीक रेघा पितळेवर उठतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण तार त्यांच्यावरून जाताना खरखरते. त्या घालवायला आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपर, शेवटी कापड. सगळे मिळून साडेचार तास लागले.

"दोन नळ्यांचं पितळ तीनशेचं," बाबा म्हणाले.

"आणि तुमचे तास?"

"घरच्या कामाचे कसले पैसे लावतोस!"

पण हा पठ्ठ्या गप्प बसणारा नव्हे. त्याने वहीत दोन गणिते मांडली आणि मला आणून दाखवली. मालक गिऱ्हाइकाला लेथच्या तासाचे ३०० रुपये लावतो, त्या दराने मजुरी १३५० रुपये. बाबांच्या पगाराच्या दराने तीच मजुरी चारशेच्या आत. "बाई, यातलं बरोबर कुठलं?"

गुणाकार दोन्ही बरोबर होते. पहिल्या दरात मशीन, वीज, जागेचे भाडे, मालकाचा नफा असे सगळे येते, हे मी त्याला सांगितले. तरी त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगू, माझेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे महागच घ्यावी का? मुळीच नाही. ड्वेन ऑलमन हा अमेरिकेतला नावाजलेला वादक सर्दीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीने वाजवत असे. स्लाइड वाजवताना गिटारवरच्या पट्ट्या तुम्हाला सुरावर थांबवत नाहीत, कानच थांबवतो. तो कान कुठल्याच दुकानात मिळत नाही. शिकणाऱ्याने खुशाल तीनशेची घ्यावी. फक्त साडेतीन हजारांना 'लूट' म्हणण्याआधी ते साडेचार तास आठवावेत.

पुढे त्याच्या क्लासमधल्या दोन मुलांनी तशीच नळी मागितली. बाबांनी ती वही मागून घेतली, बराच वेळ पाहिली आणि एकीचे बाराशे सांगितले. एकाने घेतली. दुसऱ्याने दुकानातून तीनशेची आणली.