भिंतीवरचे सर्टिफिकेट

मी बी. कॉम. झालेला एक साधा कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या लिहितो आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्यामुळे पुढे काय शिकावे, हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी दारात येतच असते. मीही जमेल तसा सल्ला देतो. पण हाच प्रश्न घरातून आला, तेव्हा माझाच सल्ला चुकला. ते मोकळेपणाने सांगावे, म्हणून हे लिहितो.

आमची ताई जळगावला पिंप्राळ्यात राहते. दाजी गेल्यापासून ती शाळेत पोषण आहार शिजवते. थोरली मुलगी २०१८ साली बारावी सायन्स झाली आणि घरची ओढाताण पाहून एम.आय.डी.सी.तल्या एका पाईपच्या कारखान्यात लागली. काम तपासणीचे. पाईपचे तुकडे कापायचे, त्यांची जाडी मोजायची, पाण्याचा दाब देऊन टिकतात का ते पाहायचे आणि रजिस्टरला नोंद करायची. पगार वाढत वाढत अकरा हजारांवर आला. धाकटा भाऊ आय.टी.आय.ला. घर तिच्याच पगारावर उभे होते.

अशात ताईचे पाय सुजू लागले. उठले की चक्कर यायची. वय झाले, चुलीपुढची धग बाधते, असे म्हणून आम्ही दिवस काढले. एका रात्री भाचीने गोळ्यांची रिकामी पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी ठेवून वाचली. चिठ्ठीवर ब्लडप्रेशरची ५ मिलिग्रॅमची गोळी होती आणि पट्टीवर १० लिहिलेले. दुकानातल्या पोराने नाव पाहिले, आकडा पाहिला नाही. महिनाभर ताई दुप्पट औषध घेत होती. डॉक्टरांनी गोळी बदलली, सूज उतरली.

भाची मला म्हणाली, "मामा, आमच्याकडे पाईपची जाडी जराशी कमी भरली तरी माल बाजूला काढतात. इथे माणसाच्या पोटात जाणारी गोळी कोणीच तपासली नाही." त्या वर्षी तिने डी. फार्म.चा अर्ज भरला. या अभ्यासक्रमाला बारावी सायन्सच्या गुणांवर प्रवेश मिळतो. बी. फार्म.सारखी सी.ई.टी. द्यावी लागत नाही. मधल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र दिले. पहिल्या यादीत तिला धुळ्याचे कॉलेज लागले आणि प्रवेश पक्का करायला चार दिवस मिळाले. कारखान्यात सुपरवायझर म्हणाला, "दोन हजार वाढवून देतो, थांब." ताई काहीच बोलेना. भाची कागद घेऊन माझ्याकडे आली.

मी माझ्या सवयीने जमाखर्च मांडला. डी. फार्म. दोन वर्षांचे. त्यानंतर कमीत कमी तीन महिने मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. म्हणजे सत्तावीस महिने पगार बंद. अकरा हजारांप्रमाणे २ लाख ९७ हजार रुपये घरात येणार नाहीत. नोकरी सांभाळून हे शिक्षण होत नाही, कारण ७५ टक्के हजेरी लागते, तासांनाही आणि प्रॅक्टिकललाही. जमेच्या बाजूला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने ती मिळणार होती. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असले तरी आपल्या मुलांसाठी फ्रीशिप आहे. मात्र दोन्हींसाठी प्रवेश सरकारी यादीतूनच हवा. दलालामार्फत मॅनेजमेंट कोट्यात गेले की हा आधार सुटतो. एवढे धरूनही खर्चाची बाजू जड होती.

तेव्हा मी तिला जे सांगितले ते लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, "जिथे हजेरीचे फार पाहत नाहीत असे कॉलेज शोधू. नोकरी सोडू नकोस. कागद हातात आला की तुझे सर्टिफिकेट एखाद्या दुकानाला लावून दे. दर महिन्याला घरबसल्या पैसे येतील. पुष्कळ जण असेच करतात." समाजात चार लोकांपुढे बोलणारा मी, आणि घरच्या मुलीला हा रस्ता दाखवत होतो.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, आईला चुकीची गोळी दिली त्या दुकानातही सर्टिफिकेट होते. काचेच्या फ्रेममध्ये, भिंतीवर. ज्याचे होते तो माणूस तिथे नव्हता."

माझ्याकडे उत्तर नव्हते. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे.  कायद्याला दुकानात माणूस हवा आहे. आपण मात्र भिंतीवर कागद टांगून मोकळे होतो. त्याची किंमत आमच्या ताईने सुजलेल्या पायांनी मोजली होती आणि मी तोच धंदा तिच्या मुलीला सुचवत होतो.

मग मी वहीचे ते पान बाजूला ठेवले आणि तिला माझी गोष्ट सांगितली. दहावीनंतर मलाही सायन्सला जायचे होते. पण दिवसा दुकानात काम मिळाले होते आणि सकाळचे कॉलेज कॉमर्सचे होते. कॉमर्सने मला भाकरी दिली, तक्रार नाही. पण बारावी सायन्स नसलेल्याला फार्मसीचे दार कायमचे बंद असते. तिचे दार अजून उघडे होते.

बाबासाहेबांनाही शिक्षण मध्येच सोडून नोकरी करावी लागली होती, हे आपण विसरतो. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनहून परतावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. मागे रमाईने काटकसरीत संसार चालवला. तिसऱ्या दिवशी मी हे ताईसमोर बोललो. ताई म्हणाली, "भाऊ, मला रमाईची गोष्ट सांगू नको. महिन्याला किती कमी पडतात ते सांग."

तेच खरे होते. आम्ही तिघे पुन्हा बसलो. भाचीच्या रिकरिंगमध्ये साठ हजार होते. धाकट्याने सुट्टीच्या दिवशी वायरिंगची कामे करायची. महिन्याला तीन हजार माझ्याकडून. धुळ्याला देवपुरात मावशी आहे, म्हणजे राहण्याची सोय झाली. एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा एरंडोल, पारोळ्यावरून महिन्यातून एकदा घरी येणे परवडेल. तरीही थोडे कमीच पडत होते. ताई म्हणाली, "तेवढे मी सोसते." चौथ्या दिवशी प्रवेश पक्का झाला आणि भाचीने कारखान्यात राजीनामा दिला.

पुढचे सगळे सोपे आहे असे मी म्हणत नाही. फार्मसी कॉलेजे फार वाढली. म्हणून २०१९ साली फार्मसी कौन्सिलने नव्या कॉलेजांना बंदी केली होती, पण ती २०२२ साली सुप्रीम कोर्टात टिकली नाही. खासगी दुकानात सुरुवातीचा पगार तिच्या कारखान्याच्या पगारापेक्षा कमीही असू शकतो. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा असते, स्वतःचे दुकान काढता येते आणि डिप्लोमानंतर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. आपल्या धुळे जिल्ह्यातच शिरपूरला १९९२ पासून त्याचे कॉलेज आहे.

म्हणून नोकरी सोडून फार्मसीला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी आता तीन गोष्टी सांगतो. आधी घरच्यांना घेऊन सत्तावीस महिन्यांचा हिशेब कागदावर मांडा. कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते पाहा. आणि मग स्वतःला विचारा, मला दुकानात उभे राहून हे काम करायचे आहे का? नुसता कागद हवा असेल तर जाऊ नका.

आणि घरोघरच्या आयाबहिणींना एक विनंती. औषध घेताना पट्टीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्या. भिंतीवर सर्टिफिकेट दिसले तर विचारा, हा माणूस कुठे आहे? आमची भाची सध्या धुळ्याला दुसऱ्या वर्षाला आहे. उद्या तिच्या दुकानात कोणी हा प्रश्न विचारला, तर ती समोरच उभी असेल.